नजमाभाभींची सही

नजमाभाभी टेलिफोन ऑपरेटर होत्या आणि फोनवरच्या माणसांना त्या खाली बसायला सांगायच्या. दुबईत, देऱ्यातल्या एका ट्रेडिंग कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांची नोकरी होती. समोरून कुणी तावातावानं बोलायला लागलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "आप खडे होके बात कर रहे हैं. पहले बैठिए." माणूस गप्प व्हायचा. मग खुर्ची ओढल्याचा आवाज यायचा. त्यानंतर भाभी लाइन साहेबांना जोडून द्यायच्या. मी एकदा विचारलं, हे कळतं कसं तुम्हाला? तर म्हणाल्या, "उभ्या माणसाला वाटतं, आपलं काम लवकर होईल. त्याचा आवाज तसा येतो. काम काही लवकर होत नाही."

त्यांना दिसत नव्हतं. पाचव्या वर्षी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. पुढे बाराव्या वर्षी सांधे धरणारा ताप आला, त्यानं हृदयाची एक झडप खराब केली. "दोन पाहुणे आले," त्या सांगायच्या, "दोघंही काहीतरी उचलून घेऊन गेले. तेव्हापासून मी दार लावून घेते." रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावातली ही बाई. मुंबईला अंधशाळेत टेलिफोनचं काम शिकली आणि लग्न होऊन दुबईत, बर दुबई भागात आली. नवरा उस्मानभाई रुवैसच्या रिफायनरीत फोरमन. तो आठवडाभर तिकडे, गुरुवारी दुपारच्या बसनं घरी. मुलगी सना शाळेत जाणारी. भाभी तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं उत्तम चालायचं.

आमची बिल्डिंग मीना बाजारच्या मागे. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी नुकतीच सांगलीहून आलेली, इस्पितळात सोनोग्राफीची टेक्निशियन म्हणून रुजू होऊन आठवडा झाला असेल. लिफ्ट मधेच बंद पडली, दिवे गेले आणि मी 'आई गं' म्हणून किंचाळले. शेजारून आवाज आला, "काय झालं गो?" मी म्हटलं, "दिवे गेले!" "एवढंच ना," असं म्हणून त्यांनी हात पुढे करून घंटीचं बटण दाबलं आणि वॉचमन येईपर्यंत माझं गाव काढून विचारत बसल्या, सांगलीला हळद काय भाव मिळते. मला त्यांची भीती बसली आणि मग लोभ जडला, तो कायमचा.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, भाभी गावाकडची पत्रं घेऊन माझ्याकडे यायच्या. पत्रं त्यांच्या धाकट्या बहिणीची, मराठीतली. उस्मानभाईला मराठी वाचता यायचं, पण तो वाचताना मधे मधे स्वतःची मतं घालायचा. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. एकदा पत्रात त्यांच्या मावशीच्या आजारपणाचं होतं, फार वाईट होतं. मी तेवढं गाळलं. आंब्याचं वाचलं, कुणाच्या तरी लग्नाचं वाचलं, घडी घातली. भाभी चहा पीत होत्या. कप खाली ठेवून म्हणाल्या, "कागद दोन्ही अंगांनी लिहिलाय. बोटाला लागतंय. तू उलटला नाहीस." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी मागची बाजू वाचली. त्या ऐकत राहिल्या, मग उठल्या. दारात म्हणाल्या, "वंदना, मला गोड करून सांगत जाऊ नको. साखर मी घरी घालीन."

हे वाक्य त्या सगळ्यांना ऐकवायच्या. डॉक्टरांना, सनाच्या टीचरला, मासळीबाजारात पापलेट ताजं आहे म्हणणाऱ्या माणसाला. मासळीवाल्यावर तर ते दोनदा वापरावं लागायचं.

सना झाली तेव्हाच भाभींचा जीव जाता जाता वाचला होता. फुप्फुसात पाणी झालं, बारा दिवस अतिदक्षता विभागात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा नाही. काळजी घेत होत्या, तरी सना सात वर्षांची असताना दिवस राहिले. पाळी आधीपासूनच अनियमित, त्यामुळे कळेपर्यंत तीन महिने होऊन गेले. तोवर जिना चढताना दम लागायला लागला होता. मग बोलताना लागायला लागला. फोनवर लोकांना बसायला सांगणारी बाई स्वतः रात्री तीन उशांना टेकून बसून झोपायला लागली, कारण आडवं झालं की गुदमरायचं.

तिथला कायदा कडक. आईच्या जिवाला धोका असेल तरच गर्भपात, नवऱ्याची संमती हवी, आणि डॉक्टरांच्या समितीनं मान्यता दिली पाहिजे. हृदयाच्या डॉक्टरांनी धोका लिहून दिला. उस्मानभाईनं संमती दिली. आमच्या इस्पितळात आणखी एक कागद होता. समितीपुढे फाइल जाण्याआधी बाईची सोनोग्राफी करायची, तिला पडदा दाखवायचा आणि तिची सही घ्यायची. कागदावर दोन चौकोन होते. एक, 'पेशंटने पडद्यावरील चित्र पाहिले.' दोन, 'पेशंटने चित्र पाहण्यास नकार दिला.' खाली सही. हा नियम वरून आला होता की आमच्याच कुणी साहेबानं काढला होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कागद मात्र दोन भाषांत छापलेला होता, म्हणजे विचार करूनच काढला असणार.

मी त्या कागदावर तोवर बऱ्याच सह्या घेतल्या होत्या. बायका आत यायच्या, मी पडदा त्यांच्याकडे वळवायची, त्या भिंतीकडे तोंड फिरवायच्या आणि बाहेर येऊन 'पाहिले'वर खूण करायच्या. नकार दिला म्हटलं तर आणखी काही विचारतील, ही भीती. मी काही बोलायची नाही. आमच्या कामात तो पहिला धडाच असतो. टेक्निशियननं पेशंटला काही सांगायचं नाही. कुणी विचारलं तर एकच उत्तर, 'डॉक्टर सांगतील.' यंत्राचा आवाज बंद ठेवायचा. मापं घ्यायची, छापायची, पोट पुसायला कागद द्यायचा.

भाभींची फाइल आली तेव्हा रेकॉर्डरूममधला कुरियन पहिल्यांदा त्या कागदाकडे नीट बघत बसला. केरळचा माणूस, वीस वर्षं फायली सांभाळलेला, एकही चौकोन रिकामा सोडायचा नाही. बराच विचार करून त्यानं तोडगा काढला, पेशंटच्या वतीनं नवरा बघेल. उस्मानभाईला रुवैसहून बोलावलं. तो कामाच्या बुटांतच आला.

भाभी टेबलावर उशा घेऊन अर्धवट बसलेल्या, उस्मानभाई माझ्यामागे उभा. मी यंत्राचा प्रोब पोटावर ठेवला. चित्र स्वच्छ आलं. मला चांगलं आठवतं, मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आज तरी यंत्र बिघडायला हवं होतं.

"काय दिसतंय गो?" भाभींनी विचारलं.

डॉक्टर सांगतील, एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून मी म्हणाले, "विशेष काही नाही भाभी. सगळं धूसर आहे. नीट काही दिसतच नाहीये."

"असं?"

"हो ना."

"मग मघापासून टिकटिक कसली करतेस?"

माप घेताना दोन्ही टोकांना खूण करायची असते, बटण दाबलं की टिक वाजतं. मला त्याची इतकी सवय होती की आता मला ते ऐकूही येत नव्हतं.

"नसलेल्याचं माप घेतात काय तुमच्याकडे?" भाभी म्हणाल्या.

उस्मानभाई घाईघाईनं म्हणाला, "मी बघितलं. सगळं बघितलं. चल, सही करून टाकू." आणि बाहेर जाऊन त्यानं साक्षीदार म्हणून सही केली. कुरियननं पेन भाभींच्या हातात दिलं आणि 'पाहिले' या चौकोनावर त्यांचं बोट ठेवलं.

"इथं काय लिहिलंय?"

त्यानं सांगितलं.

"मी नाही पाहिलं."

"मॅडम, टिक मार दो ना. कौन देखने आनेवाला है?"

"मैं तो नहीं आऊंगी," भाभी म्हणाल्या.

मग कुरियननं दुसरा चौकोन सुचवला, नकार दिला. भाभी म्हणाल्या, "मी नकार कधी दिला? मी तर केव्हापासून मागतेय. देणारी कबूल होत नाही." हे माझ्याकडे तोंड करून. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सही झाली नाही. समिती आठवड्यातून एकदाच बसायची, बुधवारी. तो बुधवार गेला.

तो आठवडा मी कसा काढला, मलाच माहीत. भाभींचे पाय सुजले. ओठांवर निळसर झाक यायला लागली. उस्मानभाई माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही तरी समजवा. एका सहीसाठी मरेल ती." मला भाभींचा असा राग आला होता की काय सांगू. सगळं जग खोट्या सह्या करून सुखानं जगतं, आणि ह्या एका बाईला खरेपणाची हौस! पोरगी सात वर्षांची आहे, ती काय करणार?

शुक्रवारी सकाळी दारावर थाप. भाभी. एक मजला चढून आल्या होत्या, भिंतीला धरून, लिफ्ट पुन्हा बंद होती. मी त्यांना बसवलं आणि तोंड सोडलं. म्हटलं, "वेड लागलंय का तुम्हाला? जिना चढताय?"

त्यांनी दम खाल्ला. मग म्हणाल्या, "तू खोटं का बोललीस?"

"तुमच्यासाठी."

"ते कळलं. पण भीती कशाची वाटली?"

मी स्पष्टच सांगितलं. "मी खरं सांगितलं, ते कसं आहे, हलतंय, तर तुम्ही विरघळाल. म्हणाल, राहू दे. आणि मराल. मला ते बघायचं नाहीये."

त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, पाणी उकळताना येतो तसा. मग म्हणाल्या, "मी ठरवलंय वंदना. सनासाठी ठरवलंय. त्यात बदल नाही. पण काय सोडून देतेय ते मला ठाऊक असू दे. तुम्ही सगळे बघणार, फायलीत लावणार, आणि जिच्या पोटात आहे तिला म्हणणार, धूसर आहे. मग मी जन्मभर विचारत बसेन, काय होतं, कसं होतं. तेव्हा कोण सांगणार? तू?"

मला रडू आलं. त्यांना ते कळलंच. "रड," त्या म्हणाल्या, "पण मंगळवारी सांग. आधी सांगायचं, समजूत मागाहून."

मंगळवारी मी खोलीचं दार लावलं. उस्मानभाईला त्यांनी बाहेर बसवलं. मी प्रोब ठेवला, आणि सबंध नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. बोलायला लागले. सुरुवातीला शब्दच सुचेनात. डोकं म्हटलं की किती? पाठ म्हटलं की कुठून कुठवर? मग मी डाव्या हातानं त्यांचा तळहात धरला आणि त्यावर बोटानं काढून दाखवलं. हे डोकं, मनगटापाशी. ही पाठ, अशी वाकडी. पाय पोटाशी घेतलेत. एक हात तोंडाजवळ आहे.

"लांबी?"

मी टिक केलं, दुसरं टिक केलं. आकडा सांगितला आणि हातावर तेवढं अंतर दाखवलं. मनगटापासून बोटांच्या सुरुवातीपर्यंत आलं.

"हलतंय?"

"हलतंय."

"मला काही लागत नाही."

"अजून लागणार नाही भाभी. लहान आहे."

"आवाज आहे ना तुझ्या यंत्राला?"

होता. मी बटणावर हात ठेवला आणि माझा हात पुढे जाईना. भाभी वाट बघत राहिल्या. मी आवाज सुरू केला. खोलीभर ते ठोके, भरभर, त्यांच्या स्वतःच्या थकलेल्या ठोक्यांच्या दुप्पट. दार उघडलं आणि आमच्या विभागाच्या इजिप्तच्या डॉक्टरीणबाई आत आल्या. एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या दाराशीच उभ्या राहिल्या. मी मोजलं नाही, पण मिनिटभर तरी आम्ही तिघी ते ऐकत होतो.

"बरं," भाभी म्हणाल्या. "बंद कर."

मी पोट पुसायला कागद दिला. त्यांनी पुसलं, कपडे नीट केले आणि म्हणाल्या, "आता आण तो कागद." मी दोन्ही चौकोन तसेच ठेवले आणि खाली हातानं लिहिलं, 'पडद्यावर जे दिसले ते सर्व पेशंटला तोंडी सांगितले. पेशंटने ऐकले.' इंग्रजीत लिहिलं आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं, दोन्ही बाजू. त्यांनी पर्समधून खाच पाडलेली पत्र्याची पट्टी काढली, कागदावर ठेवली आणि त्या खाचेत सही केली.

कुरियन म्हणाला, "पर ये कॉलम तो फॉर्म में है ही नहीं." डॉक्टरीणबाईंनी कागद त्याच्या हातून घेतला, खाली आपली सही केली आणि म्हणाल्या, "अब है. खलास." बुधवारी समितीनं पाच मिनिटांत मान्यता दिली. गुरुवारी सगळं पार पडलं. भाभी वाचल्या.

पुढे तो फॉर्म नव्यानं छापून आला. आमच्या प्रकरणाची दखल घेतली गेली, असं मीटिंगमध्ये सांगितलं. तिसरा चौकोन घातला होता, 'पेशंट अंध आहे.' एवढंच. पुढे काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

मी मात्र तेव्हापासून प्रत्येक बाईला विचारायला लागले, सांगू का? बहुतेक जणी नको म्हणायच्या. मग नाही सांगायचे. काही जणी हो म्हणायच्या. त्यांना सांगायचे, साखर न घालता. दोनदा मला लेखी समज मिळाली. दोन्ही पत्रं मी भाभींना वाचून दाखवली. पहिल्याची भाषा त्यांना आवडली, दुसऱ्यात तेच तेच होतं म्हणाल्या.

नंतर सातेक वर्षं भाभी दुबईतच होत्या. झडपेचं ऑपरेशन झालं, जिना चढायला लागल्या. मग कंपनीनं फोनला यंत्र बसवलं, इंग्रजीसाठी एक दाबा, अरबीसाठी दोन. भाभींना निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी ते घरी आणून टिकटिक ऐकली आणि म्हणाल्या, "मागे पडतंय." उस्मानभाईचीही नोकरी संपत आली होती. सनाला पुण्याला शिकायला ठेवायचं आणि दोघांनी रत्नागिरीला जायचं, असं ठरलं.

निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. खोकी बांधून झाली होती, सना मैत्रिणींना भेटायला गेली होती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून सुरमई आणि तांदळाच्या भाकऱ्या. भाभी हात धुवायला स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा उस्मानभाई माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक सांगायचंय तुम्हाला. त्या दिवशी मी बघितलं नव्हतं. सही केली, पण बघितलं नाही. भिंतीकडे बघत होतो."

मी काही बोलायच्या आत आतून भाभींचा आवाज आला, "मला ठाऊक आहे. तुमचा आवाज भिंतीवर आपटून येत होता."

उस्मानभाईनं मान खाली घातली. "सात वर्षं तिला विचारायचं धाडस झालं नाही," तो मला म्हणाला. "आता उद्या जायचं."

"वंदना," भाभी आतूनच म्हणाल्या, "सांग त्यांना. मला सांगितलंस तसं."

मी उस्मानभाईचा हात घेतला. रिफायनरीत राबलेला जाड, खरखरीत पंजा. त्यावर बोट ठेवलं आणि आठवेल तसं सांगायला लागले. हे डोकं, मनगटापाशी. ही पाठ. पाय पोटाशी घेतलेले, एक हात तोंडाजवळ. उस्मानभाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते पुसत नव्हता, कारण एक हात माझ्या हातात होता आणि दुसरा सुरमईचा. मधल्या वर्षांत मी हजारो मापं घेतली होती. मी म्हटलं, "इथून इथपर्यंत. नऊ सेंटिमीटर."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"साडेनऊ," भाभी म्हणाल्या.

मी बोट थोडं पुढे सरकवलं.